चिनी वनौषधी आणि यकृताचे रक्षण



या व्याख्यानमालेचे निमंत्रण आले तेव्हा आम्ही बोनस, कंत्राटी कामगार किंवा नवे कामगार कायदे यांवर बोलू, अशी चालकांची समजूत असावी. विषय कळविला तेव्हा चिटणिसांनी तो दोनदा विचारून घेतला. आम्ही वैद्य नाही आणि डॉक्टरही नाही. शाळेतले शिक्षण नववीला थांबले. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, नगर वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. परंतु या विषयाने आम्हांस एकदा अशी ठेच लावली आहे की तिची खूण अजून बुजलेली नाही. म्हणून तो आज आपल्यापुढे मांडतो.

दुसरे कारण ऋतूचे. चिनी वैद्यकाच्या 'हुआंगदी नेइजिंग' या प्राचीन ग्रंथात प्रत्येक ऋतूशी शरीरातील एक अवयव जोडलेला आहे, आणि वसंताचा अवयव यकृत हा आहे. त्याचे तत्त्व काष्ठ, रंग हिरवा, चव आंबट, ज्ञानेंद्रिय डोळे आणि भावना क्रोध. शरीराच्या राज्यात हृदय हा राजा मानला, तर यकृताला तेथे सेनापतीचे पद दिले आहे. बेत आणि डावपेच त्याच्याकडून निघतात. क्रोध आणि डावपेच हे दोन्ही आमच्या धंद्यातले असल्यामुळे हा अवयव आम्हांस प्रथमपासूनच जवळचा वाटला.

मात्र येथेच एक सावधगिरी घेतली पाहिजे. जुन्या चिनी ग्रंथातील यकृत, ज्याला ते 'गान' म्हणतात, ते आणि बरगडीखाली उजव्या बाजूला असलेले, दीड किलोच्या आसपास वजनाचे आपले यकृत, या दोन वस्तू एकच नव्हेत. जुन्या ग्रंथात एखादी वनस्पती 'गान'साठी चांगली म्हटली असेल, तर तिचा उपयोग डोळ्यांची आग, चिडखोरपणा किंवा सांध्यांचा ताठरपणा यांवर सांगितलेला असू शकतो. आजच्या बाटलीवर 'यकृतरक्षक' असे छापलेले असते तेव्हा त्याचा अर्थ वेगळा असतो. या दोन अर्थांची सरमिसळ करून जो व्यापार चालतो, तो हजारो वर्षांच्या परंपरेची साक्ष काढतो आणि दाखला मात्र रक्ततपासणीचा देतो.

आता काही वनस्पतींकडे वळू. इसवी सनाच्या दोनशेच्या सुमारास, हान घराण्याच्या अखेरच्या काळात, झांग झोंगजिंग नावाचे मोठे वैद्य चीनमध्ये होऊन गेले. त्यांच्या 'शांग हान लुन' या ग्रंथात काविळीवर एक काढा आहे, 'यिनचेनहाओ तांग'. त्यात अवघ्या तीन वस्तू. पहिली यिनचेनहाओ, ही आपल्या दवण्याची चुलत बहीण. चैत्रात जोतिबाला जो दवणा वाहतात, त्याच कुळातली. दुसरी झीझी, म्हणजे आपल्या अंगणातल्या अनंताचे फळ. तिसरी दाहुआंग, जिला आपल्याकडचे जुने काष्ठौषधीवाले रेवाचिनी म्हणत आले. तिच्या नावातच तिचे माहेर आहे. यिनचेनहाओ आधी एकटी उकळायची, पाणी आटवायचे आणि मग उरलेल्या दोन टाकायच्या, अशी ग्रंथाची आज्ञा. ही वनस्पती वसंतात कोवळी असतानाच खुडावी लागते. पुढे ती सरपणाच्या लायकीची राहते, असे तिकडचे खेडूत समजतात. वेळ चुकली की औषधाचे जळण होते, ही गोष्ट संघटनेच्या कामातही आम्ही अनुभवली आहे.

हा काढा नुसत्या श्रद्धेवर उभा आहे काय? नाही. २००४ साली अमेरिकेत ह्यूस्टन येथील बेलर वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी या घराण्यातल्याच 'यिन झी हुआंग' नावाच्या औषधाची उंदरांवर परीक्षा केली. काविळीत अंग पिवळे पडते ते बिलिरुबिन नावाच्या द्रव्यामुळे. ते बाहेर टाकण्याचे काम यकृतातील ज्या एका प्रथिनाच्या हुकमावरून वेगाने चालते, ते प्रथिन असलेल्या उंदरांत औषधाने बिलिरुबिन लवकर हटले. ज्या उंदरांत ते प्रथिन मुळीच नव्हते, त्यांत औषधाचा काही परिणाम झाला नाही. यिनचेनहाओतील स्कोपॅरोन नावाचा घटक त्या प्रथिनाला जागे करतो, हेही त्यांनी दाखविले. सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या वैद्याला प्रथिन ठाऊक नव्हते, पण रोग्याचे डोळे निवळताना त्याने पाहिले होते. त्याच्या नजरेला आम्ही नमस्कार करतो. तथापि हेही सांगितले पाहिजे की त्याच औषधाचे पुढे इंजेक्शन निघाले, आणि २०१६ साली चीनच्याच औषधनियामकांनी ते तान्ह्या मुलांना देण्यास मनाई केली. काढा चांगला ठरला म्हणून त्याचे इंजेक्शन आपोआप निर्धोक होत नाही.

यापुढची वनस्पती आमच्या कथेची नायिका आहे. ईशान्य चीनमध्ये, जिलिन आणि ल्याओनिंग या प्रांतांत, एक वेल वाढते. तिला द्राक्षांसारखे लाल फळांचे घोस लागतात. त्या फळाचे नाव वुवेइझी, म्हणजे पाच चवींचे फळ. साल व गर आंबटगोड, बी तिखट आणि कडू, आणि सगळ्यांत मिळून खारटपणा, असे त्याचे वर्णन करतात. जुने वैद्य हे फळ खोकल्यावर, अति घामावर आणि झोप न येण्यावर देत. त्याची यकृतरक्षक म्हणून कीर्ती झाली ती मात्र अलीकडची, १९७० नंतरच्या दशकातली. म्हणजे 'हजारो वर्षांचे यकृताचे औषध' म्हणून जे विकले जाते, त्यातले हे एक प्रमुख औषध वयाने आमच्याएवढेच आहे.

त्या काळी चीनमध्ये काविळीने हाहाकार होता. 'ब' प्रकारच्या काविळीचा विषाणू किती खोल शिरला होता याची कल्पना १९९२ च्या राष्ट्रीय पाहणीवरून येते: दर दहा माणसांत जवळजवळ एकाच्या रक्तात तो आढळला. विषाणूवर औषध नव्हते. अशा वेळी वुवेइझीची भुकटी घेणाऱ्या रोग्यांच्या रक्तातील एसजीपीटी उतरते, असे तिकडच्या डॉक्टरांना दिसले. एसजीपीटी हे यकृताच्या पेशीत राहणारे एक विकर आहे. पेशी फुटल्या की ते रक्तात सांडते. म्हणून रक्तात ते वाढले की आत पडझड चालू आहे असे समजतात. बीजिंगच्या औषधद्रव्य संस्थेत ल्यू गंगताओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या फळाचा पिच्छा पुरविला. गुणकारी घटक मुख्यतः बियांत असतात आणि ते पाण्यात फारसे विरघळत नाहीत. म्हणून काढ्यापेक्षा भुकटी किंवा मद्यार्कातला अर्क बरा, हे कळले. त्यांपैकी एक घटक प्रयोगशाळेत तयार करताना वाटेत जे संयुग हाती आले, त्याची गोळी झाली, तिचे नाव बायफेंडेट. पुढे तिची सुधारलेली बहीण बायसायक्लॉल आली. वेलीपासून गोळीपर्यंतचा हा प्रवास कोणत्याही देशाने अभिमान बाळगावा असा आहे.

आता आमच्या कथेचा सांधा येथे आहे. यकृताचे रक्षण होते की नाही हे पाहायचे, तर आधी यकृताला इजा करावी लागते. प्रयोगशाळेत उंदराला ती इजा कशाने करतात? बहुधा कार्बन टेट्राक्लोराइडने. हा पाण्यासारखा नितळ, गोडसर वासाचा द्रव. तो स्वतः फारसा दुष्ट नाही. यकृतातील एक विकर त्याला फोडते, आणि फुटलेला तुकडा पेशींची आवरणे जाळीत सुटतो. वुवेइझीतील घटक हे फोडण्याचे काम मंद करतात आणि पेशीतील संरक्षक द्रव्याचा साठा वाढवितात, म्हणून औषध दिलेल्या उंदरांचे यकृत पुष्कळसे वाचते. वाचनालयात हे वाचीत असताना त्या द्रवाच्या नावापाशी आमचे बोट थांबले. तो वास आम्ही घेतलेला होता.

ही गोष्ट २००२ सालची. आमच्या युनियनचे सभासद असलेल्या एका कारखान्यात तेलकट सुटे भाग धुण्याची एक उघडी टाकी होती. तिच्यात हाच द्रव असे. कामगार त्याला 'सीटीसी' म्हणत. टाकीवर दोन पाळ्यांत सहा माणसे. त्यांपैकी एकाची भूक गेली, डोळे पिवळे झाले, आणि एसजीपीटी मर्यादेच्या चौपट निघाली. व्यवस्थापनाचे म्हणणे, 'हा पितो.' तो पीत होता, हे खरे. तेव्हा आमची मान खाली गेली. पुढे वाचले की दारूमुळे यकृतातील तेच विकर वाढते, जे या द्रवाला फोडून त्याचे विष करते. म्हणजे पिणाऱ्या माणसाला तर त्या टाकीपाशी उभेच करायला नको होते. परंतु हे आम्हांस त्या दिवशी ठाऊक नव्हते.

त्याचा मेहुणा बोटीवर नोकरीला होता. त्याने चीनच्या एका बंदरातून गोळ्यांची बाटली आणून दिली. बाटलीवर लाल फळांच्या घोसाचे चित्र. गोळ्या सुरू झाल्या आणि दोन महिन्यांत आकडा खाली आला. टाकीवरच्या बाकीच्या पाचांनीही आपापले रक्त तपासून घेतले. दोघांचे आकडे चढलेले. द्वारसभेत उत्साह पसरला. त्या वर्षीचे मागणीपत्र तयार होत होते. आम्ही आमच्या हाताने त्यात कलम लिहिले: टाकीवरील कामगारांस कंपनीने यकृतरक्षक गोळ्या विनामूल्य पुरवाव्यात. व्यवस्थापनाने आजवर कुठलीही मागणी इतक्या तत्परतेने मान्य केली नव्हती. त्यांनी चहा मागविला. आम्ही तो आनंदाने प्यालो.

डोळे उघडले ते त्या कामगाराच्या घरी. त्याची बायको म्हणाली, "भाऊ, गोळ्या हे वेळेवर खातात हो, पण वास अजून तोच घरी आणतात. कपडे धुताना माझं डोकं चढतं." त्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. पुढे मेहुण्याची बोट वेळेवर आली नाही, कंपनीच्या गोळ्यांची बिले अडकली, गोळ्या तीन आठवडे बंद पडल्या, आणि आकडा पूर्वीच्या जागी जाऊन बसला.

आम्ही एका डॉक्टर मित्रांकडे गेलो. त्यांनी आम्हांस जे दाखविले ते चिनी संशोधकांनीच प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे. बायफेंडेटने एसजीपीटी झपाट्याने उतरते, पण गोळी थांबविली की पुष्कळ रोग्यांत ती पुन्हा चढते. एसजीओटी हे दुसरे विकर तितके उतरत नाही. त्यामुळे गोळी पडझड थांबविते की काही अंशी नुसता तिचा गवगवा थांबविते, अशी शंका अभ्यासकांनी घेतली. म्हणजे पुराची पातळी सांगणारी खूण पुसावी, आणि गावकऱ्यांनी पाणी ओसरले म्हणून झोपी जावे, तसा प्रकार होण्याचे भय.

मग आम्ही कायद्याचे पुस्तक काढले. त्या वेळी लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्यात, वाफा व धूळ जेथे निर्माण होतात तेथूनच त्या खेचून घेणारी यंत्रणा बसविण्याचे कलम होते. आणि जे व्यवसायजन्य रोग सरकारला कळविलेच पाहिजेत त्यांच्या यादीत 'विषारी द्रव्यांमुळे होणारी कावीळ' स्पष्ट शब्दांत होती. आम्ही चीनच्या डोंगरांतले औषध शोधीत होतो, आणि कचेरीच्या फळीवरच्या पुस्तकात आमच्याच माणसाच्या रोगाचे नाव छापलेले होते. मागणीपत्र फिरविले. आठ महिने भांडलो. टाकीला झाकण आले, कडेने खेचणारा पंखा आला, आणि शेवटी तो द्रव जाऊन क्षाराच्या गरम पाण्याने भाग धुण्याची सोय झाली. ज्याची ही कथा, त्याची दुसऱ्या खात्यात बदली झाली. त्याने दारूही सोडली. आकडा काही महिन्यांत गोळीवाचून उतरला आणि उतरलेलाच राहिला. यकृत मोठे क्षमाशील आहे. मार थांबला तर ते पुन्हा भरून येते.

पण सगळ्यांनाच ती क्षमा मिळाली नाही. टाकीवरचा सर्वांत जुना माणूस, ज्याने तेथे सोळा वर्षे काढली होती, त्याच्या यकृताचे दगडासारखे झाले होते. त्या आठ महिन्यांच्या आधी गोळ्यांत गेलेले सहा महिने त्याच्या कामी आले असते की नाही, हे आम्हांस कोणी सांगू शकत नाही. दाखल्यावर कारण दारू असे लिहिले गेले. तो माळकरी होता.

यासाठी आम्ही चिनी औषधांना दोष देत नाही. दोष आम्ही त्यांना जे काम सांगितले त्याचा. चीनचा स्वतःचा अनुभव हेच सांगतो. १९८८ च्या आरंभी शांघायमध्ये 'अ' प्रकारच्या काविळीची प्रचंड साथ आली. सुमारे तीन लाख माणसे आजारी पडली. लोकांनी बानलानगेन नावाच्या मुळीच्या पुड्यांसाठी दुकानांपुढे रांगा लावल्या. परंतु साथीचे मूळ होते सांडपाण्याने दूषित झालेल्या शिंपल्यांत, जे तेथले लोक अर्धवट उकडून खात. ते शिंपले बाजारातून उठले, तेव्हा साथीचा झरा आटला. 'ब' प्रकाराचेही तेच. चीनने १९९२ पासून नवजात बालकांना लस टोचण्याचा कार्यक्रम हाती घेतला आणि पुढे ती मोफत केली. १९९२ मध्ये पाच वर्षांखालील शंभर मुलांत जवळजवळ दहांच्या रक्तात तो विषाणू होता. २००६ च्या पाहणीत एकाहूनही कमी. एवढा फरक कोणत्याही काढ्याने कधी केलेला नाही.

शिवाय राखणदार म्हणून ठेवलेलाच कधी घरफोडी करतो. 'शिआओ चाइ हू तांग' हा सात वस्तूंचा जुना चिनी काढा जपानमध्ये यकृताच्या जुनाट सुजेवर फार चालत असे. १९९६ साली जपान सरकारला तातडीचा इशारा द्यावा लागला: तो घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या एका गंभीर विकाराचे ८८ रोगी नोंदले गेले होते आणि त्यांपैकी १० दगावले होते. ज्येष्ठमधातील ग्लिसरायझिन यकृताच्या सुजेवर चीन-जपानात इंजेक्शनाने देतात, पण त्याने रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरते. केस काळे राहावेत म्हणून घेतले जाणारे 'हे शौ वू' हे मूळ कित्येकांचे यकृतच बिघडविते. मुका मार लागला की 'सानची' म्हणून चुकून दुसरीच 'तू सानची' नावाची वनस्पती घेतली जाते, आणि ती यकृतातील बारीक शिरा बुजवून टाकते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चिनी पाहणीत ३०८ रुग्णालयांतील, औषधांमुळे यकृताला इजा झालेले २५,९२७ रोगी तपासले होते. त्यांत पारंपरिक चिनी औषधे आणि वनस्पतिजन्य पूरके यांचा वाटा सर्वांत मोठा, सुमारे २७ टक्के. क्षयावरील औषधांचा सुमारे २२ टक्के. ही मोजदाद कोणा परक्याने केलेली नाही, चिनी डॉक्टरांनीच केली, हे विशेष आहे.

हे ऐकून कोणी चिन्यांना हसू नये. आपली भुईआवळी घ्या. १९८८ साली मद्रासच्या संशोधकांनी 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केले की तिच्या पुडीने 'ब' विषाणू बाळगणाऱ्या शंभरांतील ५९ जणांच्या रक्तातून त्याची खूण नाहीशी झाली. केवढा आनंद झाला होता! पुढे इतरत्र तेच करून पाहिले, तेव्हा तो परिणाम पुन्हा मिळाला नाही. एकदा दिसलेले दुसऱ्यांदा, दुसऱ्याच्या हातून दिसले तरच ते खरे मानावे, हा विज्ञानाचा करार आहे. आणि तो आपल्या मातीतल्या झाडालाही लागू आहे.

तेव्हा आपण घरी जाताना काय न्यावे? चिनी वनौषधींत सत्त्व आहे. झांग झोंगजिंग यांच्या काढ्याने आणि पाच चवींच्या फळाने ते सिद्ध केले आहे. कोणी आपल्याला अशी बाटली दिली तर झिडकारू नका, पण उघडण्यापूर्वी विचारा: हिच्यात नेमके काय आहे, आणि उतरणार आहे तो आकडा की आजार? डॉक्टरांना लपवून ती घेऊ नका. आणि आकडा चढला आहे असे कळले, तर गोळी शोधण्याआधी यकृतावर मार कोठून बसतो आहे ते शोधा: बाटलीतून, पाण्यातून, न टोचलेल्या लशीतून, का पाळीच्या आठ तासांतून.

कार्बन टेट्राक्लोराइडची कथा तशी संपली. २०१० पासून भारतात अशा धुलाईसाठी त्याचा वापर बंद झाला. त्याचे श्रेयही कामगाराच्या यकृताला नाही. आकाशातील ओझोनचे छत्र वाचविण्यासाठी झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराला आहे. पण त्याचे भाऊबंद जागोजाग आहेत. चीनमध्येच कृत्रिम चामड्याच्या कारखान्यांत डायमिथिल फॉर्ममाइड या द्रावकाने कामगारांची यकृते बिघडतात, त्यांना तेथे यकृतरक्षक औषधे देतात, आणि बरे झालेला माणूस त्याच यंत्रावर परतला तर सगळे व्यर्थ जाते. उंदराला निदान प्रयोग संपल्यावर तो वास घ्यावा लागत नाही.

त्या जुन्या माणसाच्या घरी आम्ही अजून वर्षातून एकदा जातो. त्याची मुलगी चहा ठेवते. तिने एकदा विचारले, "काका, तुम्ही तेव्हा मागितलेल्या गोळ्या चांगल्या होत्या ना?" आम्ही म्हटले, "गोळ्या चांगल्या होत्या, पोरी. मागणी चुकली होती."